कारोय टाकाच : डाव्या हाताला शिकवणारा नेमबाज



परिपाठात जिद्द, चिकाटी, आत्मविश्वास असा विषय निघाला की हंगेरीच्या एका सैनिकाची गोष्ट हमखास सांगितली जाते. उजवा हात गेला, तरी त्याने डाव्या हाताने पिस्तूल चालवून ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले, अशी ती गोष्ट. व्हॉट्सअॅपवरही ती अधूनमधून फिरत असते. आठ-दहा ओळींत संपते आणि शेवटी इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही, असे तात्पर्य असते.

गोष्ट खरी आहे. पण त्या आठ-दहा ओळींत जे गाळले जाते, तेच आपल्यासारख्या शिकवणाऱ्या माणसांच्या जास्त उपयोगाचे आहे. तो माणूस शिकला कसा, त्याला किती वेळ लागला, आधीचे काय कामी आले आणि पुढे त्याने कोणाला शिकवले, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज हे चरित्र जरा सविस्तर बघूया.

एक गोष्ट नावाबद्दल. आपल्याकडे हे नाव करोली टॅकॅक्स, कॅरोली टकास असे वाटेल तसे लिहिले जाते. हंगेरियन उच्चार साधारण कारोय टाकाच असा आहे. मुलांना तोच सांगावा.

सार्जंटला परवानगी नाही

कारोय टाकाच यांचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्ट शहरात झाला. तरुणपणी ते हंगेरीच्या सैन्यात दाखल झाले आणि तिथेच त्यांची पिस्तूल नेमबाजी बहरली. १९३६ पर्यंत ते जागतिक दर्जाचे नेमबाज झाले होते.

त्याच वर्षी बर्लिनला ऑलिम्पिक होते. टाकाच यांची निवड व्हायला हरकत नव्हती. पण हंगेरीत त्या वेळी असा नियम होता की सैन्यातून नेमबाजीच्या संघात फक्त अधिकाऱ्यांनाच घ्यायचे. टाकाच होते सार्जंट. त्यामुळे गुणवत्ता असूनही केवळ हुद्द्यामुळे त्यांना घरी बसावे लागले.

बर्लिननंतर हा नियम उठवण्यात आला. पुढचे ऑलिम्पिक १९४० साली. टाकाच तेव्हा तिशीत असणार होते. म्हणजे सगळा मार्ग आता मोकळा झाला होता.

हा खेळ नेमका कसा असतो?

पुढची गोष्ट समजायला आधी खेळ समजला पाहिजे. मुलांनाही तो समजावून सांगा, त्यांना फार आवडते.

टाकाच यांचा प्रकार होता २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल. समोर २५ मीटरवर पाच लक्ष्ये एका ओळीत असतात. नेमबाज हात खाली झुकवून उभा राहतो. लक्ष्ये समोर वळली की हात वर घ्यायचा आणि पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी मारायची. त्यासाठी आधी ८ सेकंद मिळतात, मग ६ सेकंद आणि शेवटी फक्त ४ सेकंद. चार सेकंदांत हात उचलणे, नेम धरणे, चाप ओढणे, पुढच्या लक्ष्याकडे सरकणे, असे पाच वेळा! एकूण ६० गोळ्या. एका गोळीला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे एकूण ६०० गुण.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. दुसऱ्या हाताचा आधार नियमाने चालत नाही. बंदूक दोन्ही हातांनी आणि खांद्याला टेकवून धरता येते. पिस्तुलात सगळा भार एका हातावर, एका मनगटावर आणि एका बोटावर. त्या बोटाने चाप किंचित जरी झटक्याने ओढला, तरी गोळी बाजूला जाते. म्हणून नेमबाजाचा हात वर्षानुवर्षे घडवावा लागतो.

१९३८ : तो हातच गेला

१९३८ साली सैन्याच्या प्रशिक्षणात एक सदोष हातबॉम्ब टाकाच यांच्या उजव्या हातातच फुटला. ज्या हातावर सगळी मेहनत झाली होती, नेमका तोच हात निकामी झाला. तेव्हा त्यांचे वय २८.

महिनाभर ते दवाखान्यात होते. उजव्या हाताने पुन्हा पिस्तूल धरता येणार नाही हे स्पष्ट झाले होते. सगळ्यांनी धरून चालले की यांचा खेळ संपला.

डाव्या हाताची पहिली इयत्ता

दवाखान्यातून बाहेर आल्यावर टाकाच यांनी डाव्या हाताने सराव सुरू केला. कोणाला न सांगता. गाजावाजा न करता.

इथे व्हॉट्सअॅपवरची गोष्ट एका ओळीत उडी मारून पुढे जाते. आपण मात्र इथे थांबूया, कारण आपला विषय हाच आहे.

उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताने पिस्तूल धरायचे म्हणजे काय काय बदलते बघा. पिस्तुलाची मूठ हाताच्या आकाराप्रमाणे असावी लागते, ती बदलावी लागते. उभे राहण्याची पद्धत उलटी होते. शरीराचा तोल बदलतो. आपला एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त पुढाकार घेत असतो. उजव्या हाताच्या बहुतेक माणसांचा उजवा डोळा तसा असतो. मग पिस्तूल डाव्या हातात आणि पुढाकार उजव्या डोळ्याचा, अशी ओढाताण होऊ शकते. पिस्तूल धरायला एकच हात लागतो हे खरे, पण गोळ्या भरायला दुसऱ्या हाताची मदत लागतेच. आणि सर्वात अवघड म्हणजे ते एक बोट. झटका न देता, एकसारख्या दाबाने चाप ओढणे डाव्या बोटाला अगदी पहिलीपासून शिकावे लागते.

पण सगळेच शून्यापासून सुरू करायचे नव्हते. श्वास कधी रोखायचा हे त्यांना माहीत होते. नळीच्या टोकावरची खूण आणि मागची खाच एका रेषेत आली की कसे दिसते, हे डोळ्यांना ठाऊक होते. पाच लक्ष्यांमधला ताल, वेळेचा अंदाज, चूक झाली तर ती हातामुळे झाली की घाईमुळे झाली हे ओळखणे, हे सगळे डोक्यात पक्के होते. उजवा हात गेला, पण त्या हाताने मिळवलेले ज्ञान गेले नव्हते. टाकाच स्वतःच स्वतःचे शिक्षक झाले आणि डावा हात त्यांचा विद्यार्थी.

आपल्या वर्गात मूल आजारपणामुळे, स्थलांतरामुळे किंवा माध्यम बदलल्यामुळे मागे पडते, तेव्हा आपण चटकन म्हणतो की याला आता सगळे पहिल्यापासून शिकवावे लागेल. तसे नसते. त्याच्याजवळ काय शिल्लक आहे ते आधी शोधले, तर रस्ता निम्मा कमी होतो. ऊसतोड कामगारांचे मूल सहा महिन्यांनी परत येते, तेव्हा त्याला उजळणी कमी आठवत असेल, पण हिशेब, अंदाज, मापे यांचे पुष्कळ ज्ञान ते सोबत घेऊन आलेले असते. तिथून सुरुवात करता येते.

१९३९ : सगळे सांत्वनाला आले

१९३९ च्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा होती. टाकाच तिथे पोहोचले. जुन्या सहकाऱ्यांना बरे वाटले. असे सांगतात की, अपघातानंतरही खेळ बघायला आला, असे समजून लोक त्यांच्याजवळ येऊन सांत्वन करू लागले. तेव्हा टाकाच यांनी सांगितले की आपण बघायला आलेलो नाही, खेळायला आलो आहोत.

आणि ती स्पर्धा त्यांनी जिंकली.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील ल्युसर्नला झालेल्या जागतिक स्पर्धेत पिस्तूल प्रकारात हंगेरीच्या संघाने सुवर्ण जिंकले. त्या संघात टाकाच होते. अपघात होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

दोन ऑलिम्पिक रद्द

आता १९४० चे ऑलिम्पिक. ते आधी टोकियोला ठरले होते, नंतर हेलसिंकीला गेले आणि दुसऱ्या महायुद्धामुळे रद्द झाले. १९४४ चे लंडनला ठरले होते, तेही रद्द झाले. युद्धात हंगेरी पोळून निघाला. बुडापेस्टला वेढा पडला, शहराची मोठी पडझड झाली.

टाकाच यांची तिशी अशी निघून गेली. १९३६ मध्ये नियमाने अडवले, १९३८ मध्ये अपघाताने आणि नंतर युद्धाने. त्यांच्या हातात यांपैकी काहीच नव्हते. हातात होता तो फक्त सराव, आणि तो त्यांनी टिकवून ठेवला.

लंडन, १९४८

युद्धानंतरचे पहिले ऑलिम्पिक १९४८ साली लंडनला भरले. इंग्लंडमध्ये तेव्हा रेशनिंग चालू होते. खेळाडूंसाठी नवे क्रीडाग्राम बांधायला पैसा नव्हता, त्यांची सोय छावण्यांमध्ये आणि कॉलेजांमध्ये केलेली होती. नेमबाजीच्या स्पर्धा लंडनबाहेर बिस्ले इथे झाल्या. टाकाच तेव्हा ३८ वर्षांचे होते.

सर्वांचे लक्ष होते अर्जेंटिनाच्या कार्लोस दियाझ साएन्झ व्हॅलिएंते या नेमबाजाकडे. ते विश्वविजेते होते. असे सांगतात की, स्पर्धेआधी त्यांनी टाकाच यांना पाहिले आणि आश्चर्याने विचारले की तुम्ही इथे कशासाठी आलात. टाकाच यांनी उत्तर दिले की मी शिकायला आलो आहे.

स्पर्धा झाली. टाकाच यांना ६०० पैकी ५८० गुण मिळाले. आधीच्या जागतिक विक्रमापेक्षा तब्बल १० गुण जास्त! दियाझ साएन्झ व्हॅलिएंते ५७१ गुणांसह दुसरे आले. पदके घेतल्यानंतर त्यांनी टाकाच यांचे अभिनंदन केले आणि तुम्ही पुरेसे शिकलात, अशा अर्थाचे काहीतरी हसत म्हटले, अशी आठवण सांगितली जाते.

हा प्रसंग मुलांना सांगताना हरलेल्या खेळाडूकडेही लक्ष वेधा. विश्वविजेता असलेला माणूस हरल्यावर समोरच्याचे मन मोकळे करून कौतुक करतो, हेही मुलांनी ऐकायला हवे.

हेलसिंकी, १९५२ : गुरू आणि शिष्य एकाच ओळीत

चार वर्षांनी हेलसिंकीला ऑलिम्पिक झाले. टाकाच आता ४२ वर्षांचे. त्यांनी ५७९ गुण मिळवून पुन्हा सुवर्णपदक जिंकले. रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणारे ते पहिले नेमबाज ठरले.

एक योगायोग पाहा. युद्धामुळे रद्द झालेली दोन ऑलिम्पिक याच दोन शहरांत व्हायची होती. हेलसिंकी आणि लंडन. जी दोन शहरे त्यांच्याकडून हिरावली गेली होती, त्याच दोन शहरांत पुढे त्यांना सुवर्ण मिळाले.

पण मला या स्पर्धेतला सर्वात महत्त्वाचा आकडा ५७९ हा वाटत नाही. महत्त्वाचा आकडा ५७८. रौप्यपदक मिळाले हंगेरीच्याच सिलार्ड कून या मुलाला. मुलालाच म्हणायचे, कारण त्याचे वय होते अवघे १७. आणि कून हा टाकाच यांच्या हाताखाली शिकलेला!

म्हणजे गुरू आणि शिष्य यांच्यात फक्त एका गुणाचे अंतर. वयात मात्र पंचवीस वर्षांचे. जो माणूस चौदा वर्षांपूर्वी दवाखान्यात पडून होता, त्याने आधी स्वतःचा डावा हात शिकवला आणि मग तेच ज्ञान एका पोराला असे दिले की पोरगा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. विद्यार्थी आपल्या इतका जवळ आला, तेव्हा या गुरूला सुवर्णपदकाचा आनंद जास्त झाला असेल की रौप्यपदकाचा, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारून बघावा.

आपल्या मुलांना जवळचा दुवा सांगायचा असेल तर हा सांगा. याच दोन ऑलिम्पिकमध्ये आपले खाशाबा जाधवही होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन आले. पहिल्या खेपेला शिकून दुसऱ्या खेपेला पदक मिळवणारे खाशाबा आणि शिकायला आलोय म्हणणारे टाकाच, दोघे त्याच स्पर्धांचे खेळाडू.

नंतरचे आयुष्य

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्येही टाकाच उतरले, तिथे ते आठवे आले. १९५८ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक जिंकले. ज्यांना एकेकाळी केवळ सार्जंट म्हणून वगळले होते, ते सैन्यातून लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले. पुढे प्रशिक्षक म्हणून काम करत राहिले. ५ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वर्गात ही गोष्ट सांगताना

आता थोडे आपल्या कामाचे.

१. टाकाच हे ऑलिम्पिकमधले पहिले दिव्यांग खेळाडू होते, असे सांगू नका. तसे अनेक ठिकाणी छापलेले असते. १९०४ मध्ये जॉर्ज आयझर हे लाकडी पाय असलेले अमेरिकन जिम्नॅस्ट तीन सुवर्णपदके घेऊन गेले होते. हंगेरीचेच ऑलिव्हेर हालाशी लहानपणी ट्रामच्या अपघातात पाय गमावूनही वॉटर पोलो खेळले आणि १९३२ व १९३६ मध्ये सुवर्ण मिळवलेल्या संघात होते. टाकाच मोठे ठरायला पहिले असण्याची गरज नाही.

२. इच्छा असली की सगळे होते, हे तात्पर्य जपून वापरा. वर्गात एखादे दिव्यांग मूल बसलेले असते. त्याला ही गोष्ट ऐकून असे वाटता कामा नये की मला जमत नाही म्हणजे माझी इच्छाच कमी पडते. टाकाच यांच्याकडे जिद्द होती, पण अनेक वर्षांचे आधीचे शिक्षण होते, सरावाची सवय होती आणि एका हाताने खेळता येईल असा खेळ होता. आपल्या वर्गातल्या मुलासाठी असे काय काय उपलब्ध करून देता येईल, हे बघणे आपले काम. रॅम्प, मोठ्या अक्षरातले पुस्तक, थोडा जास्त वेळ, ही साधने जिद्दीइतकीच गरजेची आहेत.

३. डावखुऱ्या मुलांना या गोष्टीचा उलटा त्रास होऊ देऊ नका. टाकाच यांनी हात बदलला तो नाइलाजाने. म्हणजे डावखुऱ्या मुलाने प्रयत्न करून उजव्या हाताने लिहावे, असा अर्थ काढायचा नाही. पालकहो, हे खास तुमच्यासाठी. मूल ज्या हाताने सहज लिहिते, त्याच हाताने लिहू द्या.

४. पिस्तूल म्हटले की काही पालकांना काळजी वाटते. ती रास्त आहे. तेव्हा मुलांना खेळाची शिस्तही सांगा. रेंजवर पिस्तुलाचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेलाच ठेवतात, नेम धरेपर्यंत चापावर बोट ठेवत नाहीत, हुकूम मिळाल्याशिवाय गोळी भरत नाहीत. हा खेळ आधी संयम शिकवतो, गोळी मारणे नंतर.

५. आपल्या मातीतले उदाहरण जोडा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंग खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले. त्यांनी खेळ बदलला, पोहायला लागले आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारतासाठी सुवर्ण जिंकले. टाकाच यांनी हात बदलला, पेटकरांनी खेळच बदलला. दोन्ही वाटा मुलांसमोर ठेवा.

उपक्रम (इयत्ता तिसरी ते पाचवी)

मुलांना रोजच्यापेक्षा दुसऱ्या हाताने स्वतःचे नाव वहीवर पाच वेळा लिहायला सांगा. खाली तारीख टाका. रोज फक्त दोन मिनिटे, असे पंधरा दिवस करा. शेवटी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून बघू द्या. मग विचारा, अक्षर कसे काढायचे हे तुम्हाला पुन्हा शिकावे लागले का? मुलांचे उत्तर साधारण असे येते की, अक्षर माहीत होते, पण हात ऐकत नव्हता. झाले! टाकाच यांचे १९३८ साल मुलांना तिथेच कळते.

चर्चेसाठी प्रश्न

- १९३६ मध्ये टाकाच यांना संघात का घेतले नाही? तो नियम तुम्हाला योग्य वाटतो का?
- उजवा हात निकामी झाल्यावर त्यांचे काय काय गेले आणि काय काय शिल्लक राहिले? दोन याद्या करा.
- त्यांनी डाव्या हाताचा सराव कोणाला न सांगता का केला असेल?
- १९५२ मध्ये गुरू आणि शिष्य यांच्या गुणांत किती फरक होता? शिष्य जिंकला असता तर गुरूला काय वाटले असते?

शेवटच्या प्रश्नावर मुलांना भरपूर बोलू द्या. उत्तर आपण सांगायची घाई करायची नाही. मुले काय म्हणतात ते कमेंटमध्ये जरूर कळवा.